डायलिसिसवरच्या माणसाचे निर्णय कोणी घ्यायचे?

कृष्णाकाठ (धागा सुरू करणारे)

मूत्रपिंडं निकामी झाली की आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास मशीनवर जावं लागतं, हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. मला बोलायचंय ते उरलेल्या आठवड्याबद्दल.

डायलिसिस सुरू झालं की घरची माणसं मायेपोटी एकेक गोष्ट हातातून काढून घेतात. आधी स्कूटरची किल्ली जाते, मग बँकेची कामं, मग लग्नाकार्याला जायचं की नाही हेसुद्धा आपल्याला न विचारता ठरतं. डॉक्टर राउंडला येतात आणि माझ्या पायथ्याशी उभ्या असलेल्या मुलाला विचारतात, "यांना झोप लागते का?" मी समोर जागा असतो.

माझं मत असं की आजाराबद्दल जे कळून घेता येतं ते सगळं रुग्णाने स्वतः कळून घ्यावं आणि त्यातले निर्णयही त्यानेच घ्यावेत. माझं ड्राय वेट (अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन) किती, आज वजन किती चढलंय, किती पाणी काढणार, हे मशीनवर आकडा घालण्याआधी मला माहीत असतं. रोज सकाळी हात लावून फिस्टुलाची, म्हणजे मशीनच्या सुया टोचण्यासाठी हातात शीर आणि धमनी जोडून केलेल्या जागेची, थरथर तपासतो. त्या हाताला कोणी बीपीची पट्टी गुंडाळायला आलं तर मीच अडवतो. मी अकाउंट्सच्या शिकवण्या घेतो. मंगळवार, गुरुवार, शनिवार मशीनचे, म्हणून वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवारी घेतो. मुलांना सगळं सांगितलंय. त्यांच्यासाठी मी अजून सरच आहे.

जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडं १९७५ मध्ये, आणीबाणीतल्या स्थानबद्धतेच्या काळात निकामी झाली. सुटकेनंतर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात त्यांचं डायलिसिस सुरू झालं आणि १९७९ मध्ये जाईपर्यंत ते त्यावरच होते. १९७७ च्या निवडणुकीआधी विरोधकांना एकत्र आणण्याचं काम त्यांनी याच अवस्थेत केलं. त्या काळातलं डायलिसिस आजच्यापेक्षा कितीतरी कष्टाचं होतं.

तुम्हाला काय वाटतं?

अनुजा

सर, वाचून बरं वाटलं आणि रागही आला. माझे यजमान हेच म्हणतात, "माझं पाणी मी बघतो." शुक्रवारी मशीन झालं की पुढचं सोमवारी. मधल्या दोन दिवसांत ते बघतात ते असं: शनिवारी मित्रांबरोबर मिसळ, रविवारी ताक. रविवारी रात्री आडवं होता येत नाही, पाठीशी उशा रचून बसवावं लागतं, छातीत घरघर. मग ॲम्ब्युलन्स, ऑक्सिजन, रात्रीतून मशीन लावायला माणसांची जुळवाजुळव. हे सगळं मी करते. निर्णय त्यांचा असेल तर निस्तरणं माझ्याकडे का?

आणि जेपींच्या सेवेला कार्यकर्ते होते. आमच्याकडे मी आहे, नोकरी सांभाळून.

नाशिकचा टेक्निशियन

अनुजाताईंच्या बाजूने. सरांसारखे पेशंट थोडे. आमच्याकडे 'माझा निर्णय' याचा अर्थ बहुतेक वेळा 'आज मशीनवरून तासभर लवकर काढा' असा होतो. ६० किलोच्या माणसाचं ३ लिटर पाणी ४ तासांत काढलं तर दर तासाला किलोमागे साडेबारा मिली पडतं. तेच ३ तासांत काढलं तर साडेसोळाच्या वर जातं. १३ च्या पुढे हृदयावर ताण वाढतो. बीपी एकदम पडतं, पायात गोळे येतात, माणूस पांढराफटक होतो. त्या वेळी पाय वर करून सलाईन सोडायला आम्हीच धावतो. सही करून घेतली तरी भीती आम्हाला असतेच. काही गोष्टी शिकलेल्या माणसावर सोडाव्यात.

कृष्णाकाठ

दादा, तुम्ही आत्ता जो हिशेब मांडलात तो तुमच्या पेशंटना कधी सांगितलाय का? मला एका टेक्निशियननेच सांगितला होता, तेव्हापासून लवकर काढा म्हणायची इच्छाच गेली. उलट वजन जास्त चढलं तर मी स्वतःहून अर्धा तास वाढवून मागतो. माहिती न देता पाळायला लावलं की माणूस संधी मिळेल तिथे मोडतो. शाळेतल्या मुलांचंही तेच असतं.

अनुजाताई, एक विचारतो. घरात पाण्याचा पेला मोजला जातो, पण मीठ कोण मोजतं? आठ-नऊ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर त्याच्यासाठी जवळजवळ लिटरभर पाणी धरून ठेवतं आणि तेवढी तहान लागते. मिसळीतला फरसाण, पाव, लोणचं, पापड हे सगळं त्यात आलं. तहान लागल्यावर पाणी नको म्हणणं म्हणजे नुसता छळ. स्वयंपाकघरात त्यांना बरोबर घ्या, भाजीत मीठ किती हे त्यांना ठरवू द्या.

माणदेशी

तुम्हा शहरातल्या लोकांचं बोलणं ऐकतोय. मी महात्मा फुले योजनेतून फुकट डायलिसिस घेतो, त्याबद्दल सरकारचे उपकारच मानतो, कारण पदरचे पैसे घालून एवढे दिवस निघाले नसते. पण शिफ्ट मिळेल ती घ्यायची. मला पहाटेची मिळालीय. पहिली एसटी गाठायची तर घरून अंधारातच निघावं लागतं. परत येताना अंगात त्राण नसतं आणि एसटीत उभं राहावं लागतं. शेळ्या विकल्या, कारण चारायला कोण नेणार? ड्राय वेट मलाही पाठ आहे, पण त्याने माझा दिवस माझा होत नाही. केंद्र तालुक्याला आलं असतं तर झाला असता. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयात डायलिसिसचा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे, पण जिल्हा आमच्यापासून लांब आहे. रुग्णाने खंबीर राहावं म्हणता, आधी जवळ मशीन द्या.

सीमा, डोंबिवली

माणदेशीदादा, पोटाच्या डायलिसिसबद्दल तुम्हाला कोणी विचारलं का? मला कोणी विचारलं नव्हतं, मीच विचारलं. पोटात कायमची नळी असते. तिच्यातून द्रावणाची दोन लिटरची पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी काढून दुसरी सोडायची, असं दिवसातून तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी साधारण अर्धा तास. आठवड्यातून तीनदा केंद्रात जाणं वाचतं आणि खाण्याची बंधनंही थोडी सैल होतात. मात्र हात धुण्यात हलगर्जी झाली तर पोटात जंतुसंसर्ग होतो, आणि पिशव्यांच्या खोक्यांना घरात जागा लागते. मी ऑफिसात एक पिशवी बदलते, एचआरने त्यासाठी खोली दिली आहे. पण माझ्यासारखं सगळ्यांनी करावं असं मी म्हणणार नाही. माझ्या आईला ते बघवत नाही, आणि काही लोकांना घरात आजार नकोच असतो.

विसावा

मला सरांचं पटत नाही, आणि कारण वेगळं आहे. मी बँकेत अधिकारी होते, आयुष्यभर सगळं माझ्या हातात होतं. मशीन सुरू झाल्यावर पहिलं वर्षभर मीही रिपोर्टांची फाइल घेऊन हिंडायचे, पोटॅशियम अर्ध्या पॉइंटने वाढलं की रात्रभर जागी. मग मी ते सोडलं. आता सुया लागल्या की डोळे मिटते. ते चार तास टेक्निशियनचे, मी त्यात लुडबुड करत नाही. पथ्य सून सांगेल ते. यामुळे मी कमी माणूस झाले असं मला वाटत नाही. आधीची मी तशीच टिकवायची हा हट्टच मला जास्त दमवत होता. जे गेलं त्याचं दुःख करून झालं, आता जी आहे तिच्याशी माझं बरं जमतं. सगळ्यांनी लढाऊ व्हावं असं का?

कृष्णाकाठ

विसावाताई, सोपवायचं हेही तुम्हीच ठरवलंत. माझं भांडण त्या सोपवण्याशी आहे जे न विचारता होतं. फक्त एक करा, फिस्टुलाची थरथर रोज स्वतः बघत जा. ती बंद पडलेली लवकर कळली तर फिस्टुला वाचवता येतो, आणि ते कळण्यासाठी सुनेवर अवलंबून राहू नका.

भेटायला येणारे शहाळं आणि केळी घेऊन येतात, तेव्हा "मला चालत नाही, पोटॅशियम वाढतं" हे माझं मीच सांगतो. घरच्यांनी सांगितलं की पाहुणा म्हणतो, "एवढ्याशाने काय होतंय?"

अनुजा

मीठाचं करून बघेन. पण मूळ प्रश्न राहिला. माझा रक्तगट जुळतो, तपासण्या झाल्या आहेत, मी किडनी द्यायला तयार आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात पत्नी जवळची नातेवाईक धरली जाते, तिथेही अडचण नाही. हे म्हणतात, "तुझी घेणार नाही, माझा निर्णय." मेंदूमृत दात्याच्या यादीत नाव आहे, नंबर कधी लागेल कोण सांगणार? तोवर ते मशीनवर आणि मी मशीनच्या दाराशी. सर, इथेही तुम्ही त्यांच्याच बाजूचे?

कृष्णाकाठ

हो ताई. शस्त्रक्रिया त्यांच्या अंगावर होणार आहे, त्यांना नाही म्हणता येतं. पण कारण न सांगता नाही म्हणणं मला मान्य नाही. तुम्हाला काही झालं तर मुलांचं काय, ही भीती असेल, किंवा तुमचं ऋण नको वाटत असेल. दोन्हीवर बोलता येतं. नेफ्रोलॉजिस्टकडे (किडनीच्या डॉक्टरांकडे) दोघांनी मिळून जा, दात्याचं पुढचं आयुष्य कसं असतं ते यजमानांच्या समोर विचारा.

अनुजा

पुढच्या ओपीडीला घेऊन जाते. पण तुमचं हे मला पटलेलं नाही. माझी किडनी द्यायची की नाही हा माझ्या शरीराचाही निर्णय आहे, आणि या सगळ्या धाग्यात देणाऱ्याच्या इच्छेबद्दल कोणी एक ओळ लिहिलेली नाही. घरात डायलिसिस आलं की आयुष्य दोघांचं बदलतं. मग ठरवताना एकट्याचंच मत का मोजायचं?

नाशिकचा टेक्निशियन

ताई, ओपीडीला जाताना यजमानांच्या शेवटच्या काही डायलिसिसच्या नोंदींच्या शीट मागून घ्या. रविवारच्या त्रासाचं कारण त्यात दिसेल. मधल्या मोठ्या गॅपनंतर त्यांना जास्त वेळ किंवा चौथी खेप देता येते का, तेही विचारा. आणि कृष्णाकाठ सर, तो १३ चा हिशेब उद्यापासून माझ्या शिफ्टच्या पेशंटना सांगणार आहे. लवकर काढा म्हणणारे तरीही राहतील, हे माझं मत कायम आहे.