सही केली म्हणजे अडकलो, असं नाही

ट्रायलच्या (नव्या औषधाच्या किंवा उपचाराच्या चाचणीच्या) संमतीपत्रावर सही केली की पेशंट अडकला, असं एकांनी म्हटलंय. तसं नाही. कारण न सांगता कधीही बाहेर पडता येतं आणि त्यासाठी नेहमीचे उपचार कोणी नाकारू शकत नाही. (डॉक्टरांना न विचारता गोळ्या मात्र बंद करू नका.)

औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या सरकारी नियमांनुसार चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत. इजा चाचणीमुळेच झाली असं ठरलं तर भरपाई वेगळी. सहीआधी मिळणाऱ्या माहितीपत्रकावर एथिक्स कमिटीचा (चाचणीत पेशंटचं हित जपलं जातंय ना, हे पाहणाऱ्या समितीचा) संपर्क असतो, तिकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही.

माझ्या मते खरा घोळ पुढेच होतो. बऱ्याच चाचण्यांत कोणाला नवं औषध मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, तुमचे डॉक्टर ते निवडत नाहीत. त्यामुळे "मला नवीनच द्या" म्हणून उपयोग नाही. कॅन्सरच्या चाचण्यांत नवं औषध न मिळणाऱ्या गटाला बहुधा सध्याचे प्रचलित उपचारच देतात, नुसती साखरेची गोळी नव्हे. हे सहीआधी स्पष्ट विचारा, आणि सीटीआरआयचा (भारतातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा) नोंदणी क्रमांकही मागा. ती नोंद वेबसाइटवर कोणालाही फुकट बघता येते.