सनब्रेक: ड्युअल ब्लेड्सची धार टिकत नाही, कुठलं स्किल घेऊ?

रानवारा
मॉन्स्टर हंटर राइज हा राक्षसी प्राण्यांच्या शिकारीचा व्हिडिओ गेम, त्याचा सनब्रेक विस्तार, मास्टर रँक (सर्वांत अवघड पातळी). ड्युअल ब्लेड्स, म्हणजे दोन हातांत दोन पाती घेऊन खेळतो. डीमन मोडमध्ये (झपाट्याने घाव घालायच्या स्थितीत) जरा हात चालवला की पांढरी धार निळीवर येते, आणि लढाईला रंग चढेपर्यंत हिरवी (धारेचे रंग उतरत्या क्रमाने: जांभळी, पांढरी, निळी, हिरवी). समोर राजंग (वानरासारखा चपळ राक्षस) असेल तर व्हेटस्टोन (धार लावायचा दगड) काढायलाही उसंत मिळत नाही. हँडिक्राफ्ट, रेझर शार्प, मास्टर्स टच, प्रोटेक्टिव्ह पॉलिश यांतलं काय घेऊ? अफिनिटी (घाव क्रिटिकल, म्हणजे जास्त जोराचा बसण्याची शक्यता) ४० टक्के, धारेच्या पट्टीतला पांढरा भाग आखूड.

कोयनाकाठ
पांढरी धार असताना शस्त्राचा मार १.३२ पट बसतो, निळी असताना १.२, हिरवी असताना १.०५. म्हणजे पांढरी गेली की मार ९ टक्क्यांनी उतरतो, आणि निळी गेली की आणखी साडेबारा टक्क्यांनी. खरी काळजी निळी सांभाळायची. पुढे जांभळीचं शस्त्र मिळालं तर तिच्यासाठी फार जीव टाकू नकोस, ती १.३९ आहे, पांढरीपेक्षा पाचच टक्के वर.

आता स्किल. रेझर शार्प ३ मध्ये धार न झिजण्याची शक्यता ५० टक्के, म्हणजे आहे ती पट्टी सरासरी दुप्पट पुरते. मास्टर्स टच ३ मध्ये ८० टक्के, पण फक्त क्रिटिकल बसलेल्या घावांवर. ४० टक्के अफिनिटीला हिशेब ३२ टक्क्यांवर येतो. साडेबासष्टच्या वर अफिनिटी गेली तरच मास्टर्स टच पुढे जातं. तुला रेझर शार्प.

गडवाट
हँडिक्राफ्ट मी तरी शेवटी बघेन. एका लेव्हलला पट्टी १० ने वाढते, आणि प्रत्येक लेव्हलला तीनचा स्लॉट (स्किलचा मणी बसवायची तीन नंबरची खाच) जातो. पांढरी मुळातच नाही आणि हँडिक्राफ्टने ती उघडते, अशा शस्त्रावर मात्र जरूर घ्यावं.

ड्युअल ब्लेड्सना माझी शिफारस प्रोटेक्टिव्ह पॉलिश. लेव्हल ३ ला धार लावल्यापासून ९० सेकंद काहीच झिजत नाही, मग कितीही घाव घाला. सोबत स्पीड शार्पनिंग ठेवा, धार लवकर लागते आणि ते एकच्या स्लॉटात बसतं.

रानवारा
दर दीड मिनिटाला धार लावायला वेळ कुठून काढू? आणि एक सांगायचं राहिलं, अफिनिटीचे ते ४० टक्के वीकनेस एक्स्प्लॉइट ३ (प्राण्याच्या मऊ जागी मारलं की अफिनिटी वाढवणारं स्किल) सोडून आहेत.

गडवाट
पालाम्यूटवर (गेममधल्या सोबती कुत्र्यावर) बस. पळता पळता धार लावता येते, थांबावं लागत नाही. राजंग झेप घेऊन लांब पडला की लगेच स्वार व्हायचं. प्राणी दुसऱ्या भागात पळाला की पाठलागातही धार लावून घ्यायची, निळी भरपूर शिल्लक असली तरी.

कोयनाकाठ
वीकनेस एक्स्प्लॉइट ३ धरलं तर मऊ जागी अफिनिटी ९० होते, तिथे मास्टर्स टच ७२ टक्के धार वाचवतं. पण ड्युअल ब्लेड्सने पाठीवरून फिरत गेलास की निम्मे घाव भलत्याच जागी पडतात, आणि तिथे पुन्हा ३२. डोक्याला चिकटून खेळत असशील तर मास्टर्स टच, हवेतून खेळत असशील तर रेझर शार्प. आणि राजंग खवळून हात कडक करतो तेव्हा हातांवर मारत बसू नकोस.

रानवारा
मी जास्त वेळ हवेतच असतो. रेझर शार्प ३ बसवतो आणि पालाम्यूट सोबत नेतो.