घरी नेट कुठलं घ्यावं? सोमवारपासून काम सुरू होतंय, कुणीतरी लवकर सांगा

सागवान: नमस्कार. बायकोला पुण्याच्या कंपनीचं घरून काम मिळालंय, सोमवारी जॉइनिंग. आजवर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर भागत होतं. पण परवाच्या मुलाखतीत दोनदा आवाज तुटला, शेवटी तिनं गोठ्याच्या माळ्यावर चढून उरलेली मुलाखत दिली. तसं परत नको. जिओचं ३९९, एअरटेलचं ४९९, बीएसएनएल की एअरफायबर? स्वस्त आणि टिकाऊ काय ते एका शब्दात सांगा.

टिळकवाडीकर: एअरटेल. १०० एमबीपीएस वेगाचा ७९९ चा प्लॅन, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९४३ च्या आसपास. आमच्याकडं ३ वर्षं एकसारखं चालतंय. डोळे झाकून घ्या.

उचगावचा मळा: टिळकवाडी म्हणजे बेळगाव शहर, तिथं कुठलंही चालतंय ओ. आधी त्यांचं गाव तरी विचारा की.

सागवान: खानापूर तालुका, बेळगाव जिल्हा.

तारवाला: लोंढाही खानापूर तालुक्यात आणि कणकुंबीही. नेमकं कुठं? घर रस्त्याला की आत? लाईट किती वेळ जाते? वहिनींचं काम फाईलींचं की व्हिडिओ कॉलचं? मी १२ वर्षं केबल ओढतोय, एवढं कळल्याशिवाय एका शब्दात सांगितलं तर ती फसवणूक होईल.

निपाणी पानमळा: कुठलंही घ्या, पण सोबत टीव्हीचे मराठी चॅनल मिळतात काय ते बघून घ्या. आमच्या पॅकमध्ये मुलांच्या आजीचे दोन चॅनल आलेच नाहीत.

सागवान: टीव्ही नको. जांबोटीच्या अलीकडं, मुख्य रस्त्यापासून ४०० मीटर आत. कौलारू घर, मागं साग आणि फणस. व्हिडिओ कॉल दिवसाला सहा तास. पावसात चारपाच तास लाईट नसते. जिओ आणि एअरटेल, दोन्हींच्या वेबसाईटवर पिनकोड टाकला तर सेवा उपलब्ध दाखवतंय, मग अडचण काय आहे?

तारवाला: एका पिनकोडात दहाबारा गावं येतात. त्यातल्या एका गावात तार असली तरी उपलब्ध दाखवतं. तुमच्या रस्त्याच्या खांबावर कुणाची तार आहे?

सागवान: गावच्या केबलवाल्याची. दुसऱ्या कुणाची नाही.

गोवावेस ९१: तार कशाला पाहिजे? जिओ एअरफायबर घ्या. ५९९ मध्ये ३० एमबीपीएस आणि १००० जीबी, जीएसटी धरून ७०७. छपरावर डबा बसवला की काम झालं. माझ्या मेव्हण्याकडं हिंडलग्यात झकास चालतंय.

तारवाला: हिंडलग्यात टॉवर समोर दिसतोय. एअरफायबर म्हणजे ५जी टॉवरवरून हवेतून येणारं नेट. मागं साग, वर फणस, पावसाळ्यात पानं भिजली की सिग्नल आणखी पडतो. आणि वहिनींना जेवढं खाली आणायचं तेवढंच वर पाठवायचं आहे. हवेतल्या नेटला अपलोड कमीच मिळतो.

गोवावेस ९१: तुम्ही तारेचं काम करता म्हणून तार सांगता. ४०० मीटर तार ओढायचे पैसे कोण देणार?

तारवाला: तो प्रश्न बरोबर आहे. केबलवाला ओढायचे वेगळे पैसे मागेल. आधी ठरवून घ्या आणि मध्ये जोड नको म्हणून सांगा. तार वाटेवरून आडवी गेली असेल तर उंच बांधायला लावा. हंगामात वैरण भरलेली गाडी खालून गेली की पहिली तीच तुटते. मागच्या वर्षी एकाच घरची तार मी तीनदा जोडली.

उचगावचा मळा: १००० जीबी पुरेल काय त्यांना?

तारवाला: पुरेल की. जाऊन येऊन ३ एमबीपीएस धरा, तासाला १.३५ जीबी. सहा तास, २२ दिवस, सगळं मिळून १८० जीबीच्या आत. म्हणून १०० एमबीपीएसवर पैसे घालू नका. ३० पुरे, पण तुटता कामा नये.

टिळकवाडीकर: सरकारी काय वाईट? भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत येते, तिथं चौकशी करा. बीएसएनएल फायबरही बऱ्याच ठिकाणी गावातलाच माणूस बसवतो.

निपाणी पानमळा: आमच्याकडं तर फोन कधी कोल्हापूरचा टॉवर धरतो, कधी इकडचा. कस्टमर केअरला फोन लावला की कन्नडात बोलतात, मराठी दाबायचं बटणच सापडत नाही. आईला काय कळणार ओ?

सागवान: ते वेगळं बोलू, विनंती आहे. लाईटचं काय करायचं?

तारवाला: राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेलं असतंय, बहुतेक १२ व्होल्ट. त्या मापाचा छोटा यूपीएस घ्या. मधल्या स्प्लिटरला, म्हणजे एका तारेतून घराघरांत फाटे काढणाऱ्या डब्याला, लाईट लागत नाही, पण केबलवाल्याच्या खोलीत सगळ्यांना नेट सोडणारं ओएलटी नावाचं मशीन असतंय, त्याला लागते. त्याची बॅटरी किती तास चालते ते विचारा. ती तासाभरात बसत असेल तर तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही. ही गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही.

सागवान: अण्णा, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. आत्ता फोन केला. बॅटरी सहा तासांची आहे म्हणाला, ३० एमबीपीएस देतो, तार ओढायचे १८०० वेगळे. उद्या येतोय. पण सहा महिन्यांचे आगाऊ मागतोय.

तारवाला: एकच महिना द्या. पावसाचा एक आठवडा जाऊ दे, मग बघा. आणि हॉटस्पॉटचं रिचार्ज अजून बंद करू नका.

सागवान: शनिवार रात्र. लागलं. खाली २८, वर २७. राउटरवर एक लाल दिवा मधेच लुकलुकतोय, एलओएस लिहिलंय. नेट चालू आहे. हे काय?

तारवाला: एलओएस म्हणजे तारेतला सिग्नल तुटतोय. केबलवाल्याला सकाळीच बोलवा, सोमवारची वाट बघू नका. कुठंतरी तार मुडपलीय नाहीतर जोड सैल आहे. खिडकीच्या चौकटीतून आत घेतलीय काय? फोटो टाका.