इलेक्ट्रिकलसोबत कॉम्प्युटरची दुसरी डिग्री जमते का?

मिरजकर: सांगलीत इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोबत कॉम्प्युटरची डिग्री नियमात बसते का? आणि झेपते का?

कृष्णाकाठ: बसते. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली आहे. दोन्ही वर्गात बसून करायच्या तर तासांच्या वेळा एकमेकांवर येता कामा नयेत, त्यापेक्षा दुसरी ऑनलाइन घे. आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्स बीएस या ऑनलाइन पदवीला जेईई लागत नाही. चार आठवडे अभ्यास करून क्वालिफायर, म्हणजे प्रवेशाची पात्रता परीक्षा, मात्र काढावी लागते. अभ्यास घरी, पण परीक्षा केंद्रावर जाऊनच. ती सबमिशनच्या आठवड्यात आली की मरण! पहिल्या टर्मला दोनच विषय उचल.

गावभागवाला: गणित दोन्हीकडे चालतं, अडतं कोडमध्ये. अर्डुइनो ऊनो आर३ या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डवर व्होल्टेजची आरएमएस (रीडिंगच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढताना वर्गांची बेरीज ऋण येते आणि इलेक्ट्रिकलवाले सर्किट तपासत बसतात. तिथे इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायचा साधा प्रकार, १६ बिटांचा, कमाल ३२,७६७. १८२ चा वर्गच ३३,१२४! नुसती बेरीज लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात) ठेवून भागत नाही, गुणाकार आधीच इंटच्या मर्यादेबाहेर जाऊन फुटलेला असतो. वर्ग करण्यापूर्वीच आकडा लाँग कर. शिवाय ५० हर्ट्झला रीडिंग घेण्याचा एकूण काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत ठेव, अर्धवट सायकल आली की उत्तर नाचतं.

मिरजकर: मग त्या बीएसमध्ये डेटा स्ट्रक्चर्स (डेटा रचून ठेवायच्या पद्धती) कधी येणार?

कृष्णाकाठ: फाउंडेशन या पहिल्या लेव्हलचे आठ विषय सुटल्यावर, पुढच्या डिप्लोमा लेव्हलला. तोवर सी भाषेत लिंक्ड लिस्ट (एकमेकांना जोडलेल्या नोंदींची यादी) हाताने लिहून बघ.