मुंबई–मोपा 388 किमी, मग तिकिटावर सव्वा तास कसा?

माडाची_वाट: गणपतीला आई-बाबांना दादरहून सावंतवाडीला विमानाने न्यायचंय. नकाशावर मुंबई ते मोपा (उत्तर गोव्यातला विमानतळ) सरळ रेषेत 390 किमीही भरत नाही. ताशी 800 च्या वेगाने अर्धा तास पुरायला हवा, पण तिकिटावर 1 तास 15 मिनिटं आहेत. वेळ जातो कुठे? आणि दारापासून दारापर्यंत किती धरायचा?

सड्यावरचा: अंतर बरोबर आहे, हाताने पडताळून बघा. मुंबई विमानतळ 19.09 उत्तर, 72.87 पूर्व, मोपा 15.73 उत्तर, 73.86 पूर्व. अक्षांशाचा फरक 3.36, गुणिले 111 म्हणजे 373 किमी. रेखांशाचा फरक 0.99, पण या पट्ट्यात एक अंश साधारण 106 किमीचाच असतो, म्हणून 105. दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ: 387-388.

तिकिटावरचा वेळ मात्र उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पलीकडे जागेवर उभं राहिलं की बंद. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालते आणि रांगेत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. हवेत 45-50 मिनिटं. त्यातही निम्म्याहून जास्त वेळ चढण्या-उतरण्यात जातो, 800 चा वेग जेमतेम थोडा वेळ मिळतो. रांग नसली तर विमान वेळेआधी पोचतं, तो फायदा गृहीत धरू नका.

झाराप_फाटा: दादर ते विमानतळ 1 तास (टर्मिनल 1 की 2 ते तिकिटावर बघा, दोन्हींची प्रवेशद्वारं वेगळी), 2 तास आधी हजर, उड्डाण सव्वा तास, बॅगा अर्धा तास, मोपा ते सावंतवाडी पाऊण तास. झाले साडेपाच तास. कोकणकन्या किंवा तुतारी या रेल्वेगाडीला रात्रभर धरून दहाएक तास, पावसाळी वेळापत्रकात त्याहून जास्त.

सगळ्यात महाग पडणारी चूक तिकिटावरच्या विमानतळाच्या कोडची असते. मोपा जीओएक्स (GOX), गोव्याचा दुसरा विमानतळ दाबोळी जीओआय (GOI). स्वस्त दिसलं म्हणून दाबोळीचं काढलंत तर झुआरी आणि मांडवी दोन्ही पूल ओलांडून 80 किमीच्या वर गाडी करावी लागेल. वयस्कर माणसांना ते नकोच.

माडाची_वाट: आणि चिपी, म्हणजे सिंधुदुर्ग विमानतळ?

सड्यावरचा: सरळ रेषेत 350 किमी. कुडाळ, मालवण, परुळ्याच्या लोकांना सोयीचं, सावंतवाडीला मोपाच जवळ. ऑक्टोबर 2021 ला चिपी सुरू झालं तेव्हा मुंबईहून एटीआर हे पंख्याचं विमान यायचं, ताशी 500 च्या आसपास. मुंबईची फेरी मधे बंद पडली होती, म्हणून आज तिकीट मिळतंय का ते पाहूनच बेत करा.

भाद्रपदात दुसरी अडचण ढगांची. मोपा काय, चिपी काय, दोन्ही सड्यावर, म्हणजे उंच पठारावर. ढग खाली उतरले की धावपट्टी दिसत नाही, विमान घिरट्या घालतं, नाहीतर दुसरीकडे वळवतात. सकाळचं पहिलं विमान घ्या. तेच विमान दिवसभर फेऱ्या मारतं, एका फेरीचा उशीर पुढच्या फेरीच्या डोक्यावर बसतो.

झाराप_फाटा: चाकाची खुर्ची हवी असेल तर बुकिंगमध्येच नोंदवा, ऐनवेळी वाट बघावी लागते. बॅगांचा काउंटर 60 मिनिटं आधी बंद होतो. पॉवर बँक हातातल्या पिशवीत. परतताना सुकं खोबरं बांधून देऊ नका, त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून तपासणीत काढून ठेवतात. गाडी सावंतवाडीहून बोलावणार असाल तर गोव्याच्या हद्दीतून प्रवासी उचलायचा परवाना आहे का, ते चालकाला आदल्या दिवशीच विचारा.