'स्टिरिओटाइप' आणि 'सेल्फ-वर्थ'ला मराठीत काय लिहावं?

प्रश्न: हॉलिवूडमधल्या आशियाई बायकांच्या चित्रणावर लिहितेय, त्यात हे दोन शब्द सारखे येतायत. पहिल्याला पूर्वग्रह चालेल का? आणि दुसऱ्याला स्वाभिमान लिहिलं की काहीतरी खटकतंय.

उत्तर: पूर्वग्रह नको. पूर्वग्रह बघणाऱ्याच्या डोक्यात असतो, तुम्ही म्हणताय ते पडद्यावर असतं आणि ते बघून बघूनच पूर्वग्रह पक्का होतो. साचा लिहा, किंवा साचेबद्ध प्रतिमा. मूळ शब्दही छापखान्यातलाच, एकदा ओतलेल्या ठशावरून तेच पान छापत राहायचं. आजच्या अर्थाने तो वॉल्टर लिपमन या अमेरिकन पत्रकाराने १९२२ साली रूढ केला.

आणि त्याच १९२२ मध्ये ॲना मे वाँग, लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी वंशाची मुलगी, १७ वर्षांची, एका मूकपटात नायिका झाली. पात्राचं नाव लोटस फ्लॉवर. गोऱ्या माणसावर जीव लावते, तो सोडून जातो, मग ही मूल त्याच्या गोऱ्या बायकोच्या हवाली करते आणि समुद्रात जीव देते! १९३१ मध्ये तिलाच फू मांचूची, म्हणजे कथा-सिनेमांतल्या एका दुष्ट चिनी खलनायकाची, सूड घेणारी मुलगी केलं. म्हणजे एकतर नाजूक कमळ नाहीतर कपटी ड्रॅगन लेडी, मधलं काही नाहीच. १९३७ मध्ये चिनी शेतकरी बाईची मोठी भूमिका आली तर ती जर्मनीत जन्मलेल्या लुइझ रायनर या गोऱ्या नटीला, मेकअप करून, आणि ऑस्करही तिलाच. मला हे वाचून आजही संताप येतो.

आता दुसरा शब्द. स्वाभिमान दुखावतो, डिवचला जातो, म्हणजे तो आधी असावा लागतो. इथे हे साचे बघत वाढलेल्या आशियाई मुलीच्या मनात तो धड तयारच होत नाही. वर्गात ती गप्प बसली तर गरीब गाय, ठणकावून बोलली तर भांडखोर, आणि दोन्ही वेळा तिच्या मनात काय आहे हे कुणी ऐकून घेतलेलंच नसतं. म्हणून 'स्वतःच्या नजरेतली किंमत' असं सरळ लिहा, लांब आहे पण नेमकं आहे.

प्रश्न: पण नाजूक, गोड, एक्झॉटिक हे तर कौतुक झालं ना?

उत्तर: नाही हो. हे कौतुक तिचं नसतंच, साच्याचं असतं, तिच्या जागी दुसरी कुणी असती तरी हेच ऐकायला मिळालं असतं आणि ते तिला बरोबर कळतं. आणि 'मोहात पाडणारी' हा साचा जिवावरही उठतो. मार्च २०२१ मध्ये अटलांटा भागातल्या स्पांमध्ये ८ जण मारले गेले, त्यातल्या ६ आशियाई वंशाच्या बायका, आणि मारणाऱ्याने पोलिसांना सांगितलं की त्याला मोहाची ठिकाणं संपवायची होती. त्यामुळे एक्झॉटिकला 'आकर्षक' लिहून मोकळं होऊ नका, 'परकेपणामुळे भुरळ घालणारी' असं फोडून लिहा.

अजून एक, 'आशियाई' मोघम ठेवू नका. अमेरिकेत या शब्दाने बहुतेकांच्या डोळ्यांसमोर चिनी, जपानी, कोरियन बाई येते, ब्रिटनमध्ये भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. तिथल्या मुलीवर बसलेला साचा वेगळा, घरच्यांनी दाबलेली, मनाविरुद्ध लग्न लावलेली, कुणीतरी सोडवायला हवी अशी. तुमचा लेख हॉलिवूडवर आहे, तर पूर्व आशियाई लिहा.