मदत हवी आहे: आजोबांच्या वहीतला 'निजध्यास', चूक की बरोबर?

नमस्कार. मी साताऱ्याचा. आजोबा दरवर्षी दासनवमीला सज्जनगडावर जायचे. त्यांना जाऊन माघात वर्ष होईल, म्हणून त्यांच्या वहीतली टिपणं घरच्यांपुरती छापतोय. पहिल्या पानावर शाईनं तीनच शब्द आहेत: श्रवण, मनन, निजध्यास. टाइप करताना धाकट्या भावानं तिसरा शब्द 'निदिध्यास' केला. शुद्ध तोच, आजोबांचं लिहिताना चुकलं, असं त्याचं म्हणणं.

मला पटत नाही. आजोबा बोलतानाही निजध्यासच म्हणायचे. मळ्यात विहीर काढायची ठरली तेव्हा त्यांनी दोन वर्षं तिचा निजध्यास घेतला होता, असं आजी अजून सांगते. पाणी कुठं लागेल, कातळ किती खोल, जेवता जेवता हात थांबायचा म्हणे.

मूळ शब्द कुठला? 'निज' म्हणजे आपला स्वतःचा, की झोपेतली नीज? लहानपणी मी झोपेतही सुटत नाही तो, असाच अर्थ लावायचो. सोमवारी छापखान्यात द्यायचंय, जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद (वाईहून)

शब्दाचं मूळ भाऊ म्हणतोय तेच आहे, पण आजोबांचं चुकलेलं नाही. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात, आत्मा 'श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः'. आजोबांचे तीन शब्द त्याच क्रमानं आलेत. आधी ऐकायचं, मग ऐकलेलं तपासायचं, आणि पटलेलं आत मुरेपर्यंत सोडायचं नाही.

घडण बघा. धातू ध्यै, म्हणजे चिंतन करणे, आणि मागे नि. 'ज्ञा'वरून जिज्ञासा, 'पा'वरून पिपासा, तसं हे इच्छार्थक रूप. 'दि' ही धातूच्या पहिल्या अक्षराची द्विरुक्ती, शेवटचा 'स' इच्छेचा. 'मन्'वरून मीमांसा अशीच झाली.

मग 'निज' कुठून आला? मला तरी तो नुसता उच्चार झिजून आलेला वाटत नाही. झिजायचाच तर 'ध्या' आधी झिजला असता: संध्येची सांज झाली, मध्यगृहाचं माजघर झालं. इथं 'ध्या' शाबूत आहे आणि बदललंय ते 'दि'. बोलणाऱ्याला 'निदि' कळेना, 'निज' कळत होता. निजरूप, निजसुख, निजधाम हे शब्द कीर्तनात रोज कानावर पडणारे, त्यांच्या पंगतीत हाही बसला. आत्मस्वरूपाचा ध्यास हा अर्थही चपखल लागला. संतवाङ्मयात हे रूप भेटतं. झोपेशी संबंध नाही. वहीतलं अक्षर बदलू नका, हवं तर खाली टीप द्या.

धागाकर्ता

मनापासून आभार. भावाला वाचून दाखवलं, त्यानं स्वतःच शब्द पहिल्यासारखा केला. टीपही तोच लिहितोय.

एक अजून विचारतो. रोजच्या बोलण्यातला नुसता 'ध्यास' याच शब्दाचं शेपूट म्हणायचं का? 'स' तर तोच दिसतोय. आजी मात्र दोन्हींत फरक करते. नातवाला मोटरसायकलचा ध्यास 'लागलाय' म्हणते, आणि विहिरीचा निजध्यास आजोबांनी 'घेतला' होता.